लांडगा आला रे आला



दोन महिन्यांनी लिहिते आहे. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरपासून लांब राहायला सांगितलं होतं. आता अक्षरं स्वच्छ दिसतात. खरं तर या वेळी आईच्या हातच्या लिंबाच्या लोणच्यावर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या वेळी. आज मी रागात आहे. राग आला की मी लिहिते, हे माझ्या नातेवाईकांना ठाऊकच आहे.

राग कशाचा ते सांगते. गेल्या महिन्यात आमच्या घरातलं एक लग्न झालं. रात्री जेवणं झाल्यावर कार्यालयाच्या अंगणात खुर्च्या टाकून मंडळी गप्पा मारत बसली होती. जुन्या आठवणी निघाल्या आणि एका भाच्यानं माझ्या धाकट्या भावाची नक्कल केली. छातीवर हात, डोळे वर, "अरे रिक्षा आणा रे, मी चाललो!" मग डॉक्टरांचा आवाज काढून "ईसीजी नॉर्मल!" आणि लगेच भावाचा आवाज, "मग चला, एक क्वार्टर होऊन जाऊ दे!" सगळे पोट धरून हसले. नक्कल हुबेहूब होती. खोटं कशाला सांगू, मीही हसले. मग समोर पाहिलं. भावाची मुलगी आइस्क्रीमची वाटी हातात धरून तशीच बसली होती. वाटी खाली ठेवून ती उठून आत गेली.

भाच्याला मी दोष देत नाही. तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा होता. मोठी माणसं जे बोलत होती, ते त्यानं पाठ केलं. बोलणाऱ्यांत मी होते.

माझा भाऊ दारू पीत होता. हे गुपित नाही, सगळ्या गल्लीला माहीत होतं. डेपोत मेकॅनिक होता, हात सोन्याचे. भावजय मुलांना घेऊन माहेरी गेल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. मला रोजची डायरी लिहायची सवय आहे. तिच्यात नोंद आहे: २००७ च्या दिवाळीपासून २००९ च्या दसऱ्यापर्यंत अकरा वेळा आम्ही त्याला रात्री-अपरात्री दवाखान्यात नेलं. प्रत्येक वेळी तक्रार तीच. छातीत धडधडतंय, हात थरथरतायत, श्वास पुरत नाही, "ताई, मी आता मरतो बघ." प्रत्येक वेळी ईसीजी, एक इंजेक्शन, "दारू सोडा" असा उपदेश आणि पहाटे घर. चौथ्या-पाचव्या खेपेनंतर कॅज्युअल्टीतल्या लोकांनी त्याचं नाव विचारणं सोडून दिलं. "आले का हिरो?" एवढंच.

मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट दरवर्षी सांगितली आणि खाली तात्पर्य लिहून घेतलं: खोटं बोलणाऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आता वाटतं, मी ती गोष्ट अर्धीच शिकवली. गोष्टीच्या शेवटी लांडगा खरोखर येतो, आणि तेव्हा गावातलं कोणीही टेकडीवर जात नाही. गावकऱ्यांच्या वागण्याबद्दल एकाही परीक्षेत मी प्रश्न विचारला नाही.

शिवाय माझ्या भावाच्या बाबतीत गोष्ट मुळातच वेगळी होती. तो खोटं बोलतच नव्हता. हे मला फार उशिरा, पुस्तकं वाचून आणि डॉक्टर झालेल्या दोन माजी विद्यार्थ्यांचं डोकं खाऊन समजलं. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

शाळेतली रस्सीखेच आठवा. एका बाजूला दारू आहे, ती मेंदूला झोपेकडे ओढते. रोज कोणी असं ओढायला लागलं की मेंदू दुसऱ्या बाजूनं तितकाच जोर लावायला शिकतो, म्हणजे जागं राहता येतं, काम करता येतं. वर्षानुवर्षं हे चालतं. मग एके दिवशी दारूनं दोर सोडला तर काय होईल? समोरची सगळी पोरं मागे धडाधड पडतील. मेंदूचं तेच होतं. अडवणारं कोणी नाही आणि जोर मात्र तेवढाच. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दिवसभरात थरथर, घाम, धडधड, मळमळ आणि भयंकर भीती सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींची शुद्ध हरपते, नसलेली माणसं आणि किडे दिसतात, ताप चढतो. याला डॉक्टर 'डिलिरिअम ट्रेमन्स' म्हणतात. उपचार मिळाले तर बहुतेक रोगी वाचतात. न मिळाले तर माणूस दगावू शकतो.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा). रोज पिणाऱ्याला हे सोडल्यावरच होतं असं नाही. संध्याकाळी प्यायलेली पहाटे उतरते तेव्हा त्याची छोटी आवृत्ती रोजच होत असते. म्हणून माझा भाऊ रात्री दोन-तीनला उठून बसायचा. त्याची भीती खरी होती, शरीरातून येत होती. पुढे ती भीती आपल्याच तोंडानं वाढते. एकदा धडधडलं की माणूस नाडी मोजायला लागतो, मोजली की आणखी धडधडतं. हल्ली याला 'हेल्थ अँग्झायटी' म्हणतात, आपण तब्येतीची धास्ती म्हणू. या धास्तीवर लगेच गुण देणारं एकच औषध त्याला माहीत होतं, ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं. प्यायलं की धास्ती जाते, उतरली की दुप्पट होऊन येते. भाच्याच्या नकलेतली "एक क्वार्टर" यामुळे होती. त्यात विनोद कुठे आहे ते मला आता दिसत नाही.

वर आणखी एक. सारखी धास्ती घेणाऱ्या दारुड्याला खरा रोग होत नाही असं थोडंच आहे? उलट त्याला तो इतरांपेक्षा जास्त होतो. जास्त पिण्यानं हृदयाचे ठोके खरोखर बिघडतात, स्वादुपिंडाला सूज येते, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताची उलटी होते, रक्तातली साखर एकदम उतरते, पडून डोक्याला लागतं आणि आत रक्तस्राव होतो. बाराव्या खेपेला यांतलं काही नसेलच, असं पहिल्या अकरा ईसीजींवरून कोणी ठरवलं?

तर आता त्या तीन वाक्यांकडे येते, जी मी घरात, दवाखान्यात आणि परवा लग्नातही ऐकली.

पहिलं वाक्य: "नाटक आहे सगळं." थरथरणारा हात, घामानं भिजलेला बनियन आणि एकशे वीसची नाडी यांचं नाटक कोणाला जमत असेल तर त्याला रंगभूमीवर पाठवा. बाकीच्यांना तपासा.

दुसरं वाक्य: "स्वतःच्या करणीचं फळ आहे." असेल. पण आपण हे फक्त दारुड्यालाच का ऐकवतो? आमच्या ह्यांना मधुमेह आहे आणि जिलेबी समोर आली की ते ऐकत नाहीत. साखर चारशेवर गेली म्हणून त्यांना नेलं तेव्हा कॅज्युअल्टीत कोणी "आले का जिलेबी हिरो" म्हणालं नाही. हेल्मेट न घालता आपटलेल्या पोरालाही तिथे आधी टाके घालतात, उपदेश नंतर. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं मद्यासक्ती हा आजार आहे असं १९५६ साली मान्य केलं. मी तेव्हा बालवाडीच्या वयाची होते. आज माझी सत्तरी उलटली तरी आमच्या कॅज्युअल्टीच्या बाकापर्यंत ही बातमी पोचायची आहे.

तिसरं वाक्य सगळ्यात धोक्याचं, कारण ते चांगल्या माणसांच्या तोंडी असतं: "मनाचा निग्रह पाहिजे, बाकी काही नको." हे वाक्य माझं होतं.

२००९ च्या दसऱ्याला मी भावाला आईच्या फोटोसमोर बसवलं आणि शपथ घ्यायला लावली. त्यानं घेतली, आणि पाळलीही. हे लक्षात घ्या, त्यानं ती पाळली. दुसऱ्या रात्री तो माझ्या खोलीच्या दाराशी आला. "ताई, धडधडतंय, मला ने." मी म्हणाले, "झोप आता. दारू मागायची ही नवी तऱ्हा आहे, कळतं मला." तो काही न बोलता परत गेला. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून मुंग्या वेचून टाकत होता. चादरीवर मुंगी नव्हती. पहाटे नेलं. दारुडा म्हटल्यावर त्याला बाकावर बसवून ठेवलं. तीन तास. त्याला तिथेच फिट आली, मग धावपळ झाली. दोन दिवसांनी तो गेला. वय चोपन्न.

त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या पोराला मी खूप वर्षं मनात शिव्या दिल्या. आता देत नाही. त्यानं तीन तास लावले, मी दीड दिवस लावला होता.

आता कोणी म्हणेल, बाई, तुम्हाला बोलायला काय जातं? कॅज्युअल्टीत एक डॉक्टर असतो आणि समोर पन्नास माणसं. पिऊन आलेला शिव्या देतो, अंगावर धावतो, नर्सचा हात धरतो. मान्य आहे. डॉक्टरांवरचे हल्ले इतके वाढले की महाराष्ट्राला २०१० मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. मारहाण करणाऱ्याला पोलिसांत द्या, माझी हरकत नाही. पण घाबरून हात जोडत आलेल्याला मारकुट्याच्या रांगेत बसवू नका. आणि "हे लोक फुकट गर्दी करतात" असं म्हणणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. माझा भाऊ अकरा वेळा आला. पहिल्या खेपेला कोणी अर्धा तास दिला असता, तर उरलेल्या दहा खेपा वाचल्या असत्या की नाही? एकच गणित अकरा वेळा चुकलं तर आम्ही शिकवायची पद्धत बदलत होतो.

अर्ध्या तासानं काय होतं, याला पुरावा आहे. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अफूसारख्या पदार्थांचं व्यसन असलेल्या ३२९ रुग्णांवर एक अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इमर्जन्सीत आलेल्यांपैकी काहींना फक्त व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ता दिला. काहींना तिथल्या तिथेच औषध सुरू करून पुढची तारीख दिली. महिन्यानंतर पत्ता दिलेल्यांपैकी ३७ टक्के उपचारात होते, औषध सुरू केलेल्यांपैकी ७८ टक्के. दारूचं औषध वेगळं, हे खरं. पण माणूस तोच, आणि दारही तेच. भीतीनं तो स्वतःच्या पायांनी दारात आलेला असतो. एरवी ज्याला ओढून न्यावं लागतं, तो पहाटे तीनला "मला वाचवा" म्हणत येतो. अशी संधी दिवसाउजेडी मिळत नाही, आणि आपण त्याला "नॉर्मल आहे, जा" म्हणून परत पाठवतो.

अमेरिकेतल्याच ॲक्रन गावाची जुनी गोष्ट सांगते. १९३९ साली तिथल्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया नावाची एक जोगीण दाखल्याचं काम पाहत होती. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचे एक संस्थापक डॉ. बॉब तिथे रोगी आणत. दारुड्याला दाखल करून घ्यायला रुग्णालयं तयार नसत, म्हणून सिस्टरनं कागदावर 'जठराला तीव्र सूज' असं लिहून रोग्याला आत घेतलं. एका साध्वीला दारुड्यासाठी खोटं लिहावं लागलं! नव्वद वर्षं होत आली. आज आमच्याकडेही ओळखीचे डॉक्टर सांगतात, "कागदावर दारू नको लिहायला, गॅस्ट्रायटिस लिहू."

खरं तर आज असं लपवायची गरज पडू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणाऱ्या मानसिक स्थितींचा समावेश मानसिक आजारात केला आहे. त्याच कायद्याचं कलम २१ सांगतं की मानसिक आजारासाठीची तातडीची सेवा आणि रुग्णवाहिका शारीरिक आजाराइतक्याच दर्जाची मिळाली पाहिजे. कायदा छान आहे. अवस्था कशी आहे? केंद्र सरकारनं दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कुठला तरी उपचार मिळालेला आढळला. दाखल होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. वर्गातल्या अडतीस मुलांपैकी एकालाच पुस्तक मिळालं तर आपण सदतीस मुलांना नापास करून मोकळं होणार का?

आणि फक्त निग्रहानं भागतं म्हणणाऱ्यांनी मार्च २०२० आठवावा. टाळेबंदीत दुकानं एका रात्रीत बंद झाली. साऱ्या देशाला शपथ घातल्यासारखंच झालं ते. केरळात परिस्थिती इतकी बिघडली की सरकारनं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. डॉक्टरांच्या संघटनेनं विरोध केला आणि उच्च न्यायालयानं आदेश थांबवला, तेही योग्यच झालं. पण बंगळूरच्या डॉक्टरांनी त्या दिवसांत फिट आणि भ्रम घेऊन येणारे रुग्ण वाढल्याची नोंद केली आहे. निग्रहाचा तिथे प्रश्नच नव्हता. दोर सुटला होता.

माळ घालून, शपथ घेऊन दारू सोडलेली माणसं मीही पाहिली आहेत. तुळशीच्या माळेबद्दल मला अतोनात आदर आहे. पण माळ घालायच्या आधी पहिले पाच-सात दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली काढा. मग खुशाल पंढरीची वाट धरा.

नुसती चिडचिड करून थांबायचं नाही, असं मुलांना सांगत आले. म्हणून माझ्या मागण्या लिहिते. त्या फार मोठ्या नाहीत.

कॅज्युअल्टीत प्रत्येकाला, खालच्या आवाजात, एक प्रश्न विचारा: शेवटचं कधी प्यायलात? तारीख आणि वेळ लिहा. रोज पिणाऱ्याला "ताकद येईल" म्हणून ग्लुकोजची बाटली लावताना आधी किंवा सोबत बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन द्या. ते स्वस्त आहे. त्याच्या अभावानं होणारा मेंदूचा विकार कार्ल वेर्निके यांनी १८८१ साली लिहून ठेवला आहे, म्हणजे ही काही नवी बातमी नाही. थरथर असेल तर बाकावर बसवू नका, खाटेवर घ्या. ईसीजी नॉर्मल आला तर "काही नाही" म्हणू नका. "हृदय ठीक आहे, पण तुम्हाला जे होतंय ते खरं आहे, आणि त्याला औषध आहे" एवढं म्हणा. आणि घरी सोडताना हातात एक तारीख द्या.

घरच्यांसाठीही सांगते. रोज पिणाऱ्याला अचानक दारू बंद करायला लावू नका. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून मनानं देऊ नका, पोटात दारू असेल तर श्वास बंद पडू शकतो. फिट, ताप, भ्रम, रक्ताची उलटी, छातीत दुखणं यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा, आणि ही कितवी खेप ते मोजू नका. व्यसनमुक्तीसाठी सरकारचा १४४४६ हा मोफत नंबर आहे. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं. भाऊ माझ्याकडे राहायला आला तेव्हा त्याला एकवीस वर्षं झाली होती. मला त्याचं नाव माहीत होतं. मीच नेलं नाही, "लोक काय म्हणतील" म्हणून. लोक काय म्हणाले ते परवा लग्नात ऐकलंच.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. बराच वेळ दोघीही काही बोललो नाही. मग तिनं विचारलं, "आत्या, बाबा खरंच नाटक करायचे का गं?" सोळा वर्षं होऊन गेली, ती हा प्रश्न मनात घेऊन फिरते आहे. मी तिला सांगितलं, नाही. एकदाही नाही. अकराच्या अकरा वेळा तो खरं बोलत होता, आणि बाराव्या वेळी मी त्याला झोप म्हणाले.

नातेवाईक मंडळी, पुढच्या कार्याला नक्कल करायची तर माझी करा. चष्मा, छडी, शुद्धलेखन, सगळं चालेल. त्याची नको.

असो. डोळ्यातून पाणी येतंय, ते मोतीबिंदूचं असावं. लोणचं पुढच्या वेळी, नक्की.